'फॉरेस्ट' आणि त्याचे मराठी पर्याय : मुरबाड-शहापूर परिसराच्या संदर्भात एक शब्दचिकित्सा

प्रस्तावना

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'फॉरेस्ट' हा शब्द काढला की त्याच्यापुढे अरण्य, वन, जंगल, रान अशी चार-पाच शब्दांची रांग उभी असते. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत हीच रांग कानन, विपिन, अटवी यांनी लांबविलेली असते आणि पदवीच्या प्रथम वर्षाला येणारा विद्यार्थी ती मुखोद्गत करूनच येतो. हे सर्व शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येतात, या गृहीतकाला आपण समानार्थित्व म्हणतो. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला हे गृहीतक फार काळ टिकत नाही, हे ठाऊक असते. तथापि व्याकरणाच्या तासाला आपण सगळेच ते निमूटपणे शिकवीत असतो.

प्रस्तुत लेखात 'फॉरेस्ट' या एका सामान्य इंग्रजी शब्दाचा आणि त्याच्या मराठी पर्यायांचा विचार करावयाचा आहे. हा शब्द निवडण्याचे कारण परिसराशी निगडित आहे. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत तो केवळ कोशात नांदत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात, वनहक्काच्या दाव्यात आणि बाजाराच्या दिवशी एस.टी. स्थानकावर चाललेल्या बोलण्यातही तो असतो. माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : इंग्रजीतील 'फॉरेस्ट' हा शब्द मुळात झाडांचा वाचक नसून सत्तेच्या हद्दीचा वाचक आहे, मराठीतील रान, जंगल, वन, अरण्य हे शब्द मात्र माणसाचे त्या भूमीशी असलेले अंतर आणि तिचा वापर सांगतात. राज्यव्यवहाराने 'फॉरेस्ट म्हणजे वन' हे समीकरण एकदा निश्चित केले आणि या दोन टोकांमधल्या जमिनीला नाव उरले नाही. ही उणीव कोशातली आहे तशीच शेतकऱ्याच्या बांधावरचीही आहे.

'फॉरेस्ट'चा इंग्रजीतील पूर्वेतिहास

'फॉरेस्ट'चे मूळ मध्ययुगीन लॅटिनमध्ये आहे. 'फोरिस' म्हणजे बाहेर. 'फोरेस्टिस सिल्व्हा' म्हणजे कुंपणाबाहेरची, सामान्यांच्या वापराबाहेरची झाडी. राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवलेला प्रदेश, हा या शब्दाचा व्यवहारातील अर्थ होता. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर तो इंग्लंडात रुजला आणि तेथे 'फॉरेस्ट'चा स्वतंत्र कायदा, स्वतंत्र अधिकारी व स्वतंत्र न्यायालये निर्माण झाली. अशा हद्दीत गावे असत, शेते असत, झुडपांचे ओसाड माळही असत. झाडे असलीच पाहिजेत अशी अट नव्हती. अकराव्या शतकात राजाने राखलेल्या 'न्यू फॉरेस्ट'मध्ये आजही मोठा भाग उघड्या माळाचा आहे, आणि स्कॉटलंडमध्ये ज्याला 'डिअर फॉरेस्ट' म्हणतात तेथे मैलोगणती झाड दिसत नाही. या राजसत्तेच्या हद्दीविरुद्ध लोकांनी आपले चराईचे, सरपणाचे, डुकरे चारण्याचे हक्क मागितले आणि त्यातील काही १२१७ च्या 'चार्टर ऑफ द फॉरेस्ट' या सनदेने मान्य झाले. मॅग्ना कार्टा आपण अभ्यासक्रमात शिकवतो. तिची ही जुळी बहीण मात्र बहुधा राहून जाते.

झाडीसाठी इंग्रजांकडे स्वतःचा जुना शब्द होता, तो म्हणजे 'वुड'. त्याच्या आसपास वुडलँड, ग्रोव्ह, कॉप्स, थिकेट असे लहानमोठ्या झाडीचे शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. लाकडासाठी वेळोवेळी तोडून पुन्हा फुटू दिलेली झाडी म्हणजे कॉप्स. तिला कोणी ग्रोव्ह म्हणणार नाही. पुढे जसजसे राजाचे शिकारीचे हक्क निस्तेज झाले तसतसा 'फॉरेस्ट' हा शब्द 'मोठी, दाट झाडी' या अर्थाकडे सरकला. कायद्याचा अर्थ मागे गेला, वृक्षांचा अर्थ पुढे आला. मात्र मागे गेलेला अर्थ नाहीसा झाला नाही. तो जहाजातून हिंदुस्थानात आला.

मराठीतील पर्याय : एक अदलाबदलीची कसोटी

शब्द खरोखर समानार्थी आहेत की नाहीत हे पाहण्याची सर्वांत साधी कसोटी म्हणजे एकाच्या जागी दुसरा ठेवून पाहणे. 'जिवाचे रान केले' या वाक्प्रचारात रानाच्या जागी 'वन' ठेवले तर वाक्य मोडते. 'अरण्यरुदन' म्हणतात, 'जंगलरुदन' नाही. सासुरवाशिणीचा 'वनवास' असतो. तिच्या वाट्याला 'रानवास' आला असे कोणी म्हणत नाही. 'रानभाजी' बाजारात मिळते. 'वनभाजी' हा शब्द फक्त एखाद्या शासकीय महोत्सवाच्या फलकावर शोभेल. 'रान उठविणे', 'रान मोकळे मिळणे', 'रानोमाळ भटकणे' हे सर्व प्रयोग 'रान' या एकाच शब्दाने सांभाळले आहेत. म्हणी-वाक्प्रचारांच्या बाबतीत ते नाणे सर्वांत अधिक चाललेले दिसते.

विशेषणांकडे वळल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. 'आरण्यक' म्हटले की वेदवाङ्मयाचा एक भाग डोळ्यांसमोर येतो. 'वन्य' हे शास्त्रीय व तटस्थ विशेषण आहे. 'जंगली' मध्ये हेटाळणी आहे, आणि 'रानटी' ही तर सरळ शिवी आहे. अर्थ एकच, असे आपण म्हणतो त्या चार शब्दांची विशेषणे ऋषीपासून शिवीपर्यंत उतरत जातात. संस्कृत, फार्सी आणि देशी थर आपल्या समाजात ज्या क्रमाने मान पावले तोच क्रम येथे दिसतो. ज्याच्या घरी 'रानभाजी' शिजते त्यालाच 'रानटी' म्हटले जाते, हा योगायोग नव्हे.

आता व्युत्पत्तीकडे. 'अरण्य' या शब्दाचा संबंध संस्कृतातील 'अरण' म्हणजे दूरचे, परके या शब्दाशी लावला जातो. ग्राम आणि अरण्य ही जुनी जोडी आहे. ग्रामाच्या सीमेपलीकडचे, आपले नसलेले ते अरण्य. येथे लॅटिनच्या 'बाहेर'शी आश्चर्यकारक साम्य आढळते. पण पुढचा प्रवास उलट दिशेने झाला. 'अरण्य'चे प्राकृतातून 'रान' झाले आणि मराठीच्या मुखात ते हळूहळू सीमेच्या आत आले. देशावर आणि मराठवाड्यात आज 'रानात गेलाय' याचा अर्थ शेतावर गेला आहे असाच होतो. 'रान नांगरले', 'रान राखायला बसला' हे शेताचेच उल्लेख आहेत. ना. धों. महानोर यांच्या 'रानातल्या कविता' (१९६७) या संग्रहाच्या नावातील रान हे पळसखेडच्या शेताचे रान आहे. इंग्रजी अनुवादकाने तेथे 'फॉरेस्ट' घातले तर संग्रहाची भूमीच बदलेल. कोशाच्या दृष्टीने मात्र तो अनुवाद बिनचूक ठरेल!

'गायरान' आणि 'माळरान' या सामासिक शब्दांत रानाचा तिसरा अर्थ आहे. गायरान हे गावाच्या गुरांचे सामाईक चराऊ क्षेत्र होय. त्यात झाड असो वा नसो, ते रानच. म्हणजे रान या शब्दात झाडी, शेत आणि चराई या तिन्ही गोष्टी मावतात. त्यांना जोडणारा धागा झाडांचा नसून माणसाच्या रोजच्या जाण्यायेण्याचा आहे. जिथे आपली पावले पडतात ते रान.

'जंगल' या शब्दाची कथा याहून गमतीदार आहे. त्याचे मूळ संस्कृत 'जांगल'. चरकसंहितेत भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत आणि त्यातील जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडीचा प्रदेश. फ्रेंच अभ्यासक फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या भेदाची सविस्तर मांडणी केली आहे. म्हणजे ज्याला आज आपण घनदाट, ओलसर, वेलींनी गच्च भरलेले जंगल म्हणतो त्याच्या अगदी विरुद्ध असा हा प्रदेश होता. इंग्रजांनी अठराव्या शतकात हा शब्द येथून उचलला, त्याला ओलसर व भयाण केले आणि तोच अर्थ पुन्हा आपल्याकडे परत आला. जांगल देशाच्या झाडांत खैर येतो. मुरबाड-शहापुरातील कातकरी समाजाचे नाव याच खैराच्या कातावरून पडले आहे. तेव्हा जुन्या अर्थाने खरे 'जांगल' कोणाचे, याचे उत्तर या तालुक्यांत सापडावे.

उरला 'वन'. अमरकोशात अटवी, गहन, कानन, विपिन, अरण्य यांच्याबरोबर तो येतो. पण तो कोश कवींसाठी छंदात रचलेला होता, हे विसरता कामा नये. वृत्तात जागा भरावयाची असेल तेव्हा पर्यायांची विपुलता उपयोगी पडते. त्याच कोशात 'वन' हा पाण्याचाही पर्याय म्हणून आला आहे. (तानसा, वैतरणा आणि भातसा यांच्या पाण्यावर मुंबई जगते आणि शहापूरची गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. वन आणि पाणी एकच, हे अमरसिंहाने जितके सहज म्हटले तितके सहज येथे म्हणता येत नाही.) लोकभाषेत 'वन'चे 'बन' झाले : केतकीचे बन, बाभळीचे बन. शुद्ध रूपातील 'वन' मात्र पुराणकथेत आणि समासातच राहिले : तपोवन, वनवास, वनभोजन. महाभारताच्या एकाच पर्वाला वनपर्व आणि आरण्यकपर्व अशी दोन्ही नावे आहेत, पण त्याला 'रानपर्व' म्हणण्याचे कोणाच्या मनात आले नाही. थोडक्यात, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत 'वन' हा मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यातला शब्द नव्हताच.

जंगल ते वन : राज्यव्यवहाराचे मराठी

ब्रिटिश अमदानीतील फॉरेस्ट खात्याला लोक 'जंगल खाते' म्हणत. १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीत महाराष्ट्रात जो लढा झाला त्याचे नाव 'जंगल सत्याग्रह'. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे गोळीबार झाला तो याच सत्याग्रहात. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या १९४५ नंतरच्या लढ्यात जंगलातील लाकूडतोडीच्या मजुरीचा प्रश्न होता. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथातून त्या लढ्याची कहाणी मराठी वाचकाला माहीत आहे. तेथे जंगल हे मजुरीचे ठिकाण आहे, जसे गिरणी हे मजुरीचे ठिकाण. हा अर्थही आपल्या कोशांतून निसटलेला आहे. आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील ज्या सिद्धगडाच्या परिसरात २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झाले ते मुरबाड तालुक्यातले रानच होते. आश्रय देते ते रान.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. प्रशासनाची परिभाषा तयार करणाऱ्यांपुढे प्रश्न होता : 'फॉरेस्ट'साठी कोणता शब्द घ्यावा? 'जंगल' फार्सी वळणाचा आणि 'जंगली'च्या छायेतला, 'रान' फारच घरगुती, 'अरण्य' पुराणातले. 'वन' लहान, समासाला सोयीचा, हिंदीशीही जुळणारा. परिभाषाकाराच्या दृष्टीने ही निवड समर्थनीय होती हे मान्य केले पाहिजे. वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल, वनसंरक्षक ही पदनामांची मालिका दुसऱ्या कोणत्याही शब्दापासून इतकी सुटसुटीत झाली नसती. पण त्यामुळे एक गोष्ट घडली. 'वन' या शब्दाला लोकव्यवहारात पूर्वीचा अर्थ जवळजवळ नसल्याने त्यात इंग्रजी 'फॉरेस्ट'चा कायदेशीर अर्थ जसाच्या तसा ओतता आला. भांडे मराठी, आतला द्रव नॉर्मन.

लोकांनी यावर स्वतःचा तोडगा काढलेला आहे. मुरबाडच्या गावपाड्यांत खात्यासाठी, खात्याच्या माणसासाठी आणि खात्याच्या जमिनीसाठी 'फॉरेस्ट' हाच शब्द चालतो. 'फॉरेस्ट आला होता' म्हणजे गार्ड आला होता. 'जमीन फॉरेस्टात गेली' म्हणजे हद्दीत गेली. जेथे करवंदे, मोहाची फुले, शेवळे आणायला जातात ते मात्र 'रान'. एकाच डोंगराची ही दोन नावे आहेत, आणि सकाळी रानात गेलेली बाई दुपारी फॉरेस्टात सापडते. माझ्या मते 'फॉरेस्ट' या शब्दाचा सर्वांत अचूक अर्थ येथल्या निरक्षर माणसाने लावला आहे; त्याने तो झाडांना लावलाच नाही.

याच क्रमात 'मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस'चे 'गौण वनोपज' झाले. डिंक, मध, हिरडा, मोह हे खात्याच्या उत्पन्नात गौण असतील. ज्या घरात पावसाळ्यापूर्वीचे दोन महिने त्यावर निघतात तेथे ते गौण कसे? विशेषण कोणाच्या बाजूने लावले गेले, हे भाषांतरात नेहमी तपासून पाहावे.

कोशातला अर्थ आणि न्यायालय

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये झाड, इमारती लाकूड, वनोपज, गुरे यांच्या व्याख्या आहेत. 'फॉरेस्ट'ची व्याख्या नाही. वन (संवर्धन) अधिनियम, १९८० मध्येही ती दिलेली नव्हती. या पोकळीत १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाद प्रकरणात असा आदेश दिला की, 'फॉरेस्ट' हा शब्द त्याच्या कोशगत अर्थाने समजला जावा आणि त्याखेरीज सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असलेले कोणतेही क्षेत्र, मालकी कोणाचीही असो, वनजमीन समजावी. भाषेच्या प्राध्यापकाने या वाक्यापाशी थबकलेच पाहिजे. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने लाखो हेक्टर जमिनीचे भवितव्य शब्दकोशाच्या स्वाधीन केले होते.

प्रश्न असा की, कोणत्या भाषेचा कोश? इंग्रजी कोशात मोठ्या विस्ताराची झाडी, मध्ये कुरणेही असू शकतील, असा अर्थ मिळतो. मराठी कोशात 'वन' पाहिले तर अरण्य, 'अरण्य' पाहिले तर रान, आणि 'रान' पाहिले तर शेतापर्यंत पोहोचता येते. या गोल फिरण्याने न्यायनिवाडा होणार नाही. आदेश इंग्रजीत होता, कोशही इंग्रजीच अभिप्रेत होता. अंमल मात्र मराठी दप्तरावर झाला.

या आदेशावर सरसकट टीका करणे अन्यायाचे होईल. नोंद नसलेल्या कित्येक झाडीच्या क्षेत्रांना या कोशगत अर्थानेच संरक्षण मिळाले. २०२३ च्या दुरुस्तीने हा विस्तार आखडता घेतला गेला, तेव्हा १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने पुन्हा १९९६ चाच अर्थ तूर्त पाळावयास सांगितले. त्या दुरुस्तीने मूळ इंग्रजी कायद्याचे नावच 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' असे केले, ही शब्दाच्या प्रवासातली आणखी एक नोंद. इंग्रजी मजकुरात आता 'वन' हा शब्द रोमन लिपीत छापला जातो. 'फॉरेस्ट' भाषांतरित होऊन मराठी-हिंदीत आले होते. आता भाषांतर मूळ शब्दाच्या जागी जाऊन बसले आहे.

माझा आक्षेप आदेशाच्या दुसऱ्या भागाच्या परिणामाविषयी आहे. कोशगत अर्थ निदान डोळ्यांनी पडताळता येतो. दप्तरातील नोंद डोळ्यांनी पडताळता येत नाही. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ हा ३० ऑगस्ट १९७५ पासून अंमलात आला. त्यातील व्याख्येत झाडे उभी असोत वा तोडलेली असोत, झुडपे असोत, नैसर्गिक असोत वा लावलेली असोत, सर्वांना वन म्हटले आहे. शिवाय १९२७ च्या कायद्याच्या कलम ३५ (३) खाली ज्या जमिनीबाबत नोटीस निघाली तीही खाजगी वन ठरविली गेली. नोटीस केवळ निघणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइस प्रकरणात ३० जानेवारी २०१४ रोजी म्हटले. तोपर्यंत जवळजवळ चार दशके ठाणे जिल्ह्यात अनेक सातबाऱ्यांवर तो शेरा बसलेला होता. लहान खातेदाराला जमीन परत मिळण्याची तरतूद कलम २२-अ मध्ये आहे, पण ती मिळविण्यासाठी आधी आपले शेत 'वन' आहे हे कबूल करून अर्ज करावा लागतो. झाड नसलेले 'फॉरेस्ट' ही स्कॉटलंडची खासियत राहिलेली नाही.

नाव नसलेली जमीन

या सर्व शब्दचर्चेत जी जमीन हरवली ती कोणती? मुरबाड-शहापूरच्या शेतीची रचना लक्षात घेतल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. खाली भातखाचरे, वर उतारावर वरकस जमीन, त्याच्या वर झाडी. वरकस जमिनीत नाचणी, वरी ही पिके होतात, गवत होते आणि मुख्य म्हणजे राबासाठी लागणारा पाला व टहाळ तेथून येतो. राब म्हणजे भाताच्या रोपासाठी राखलेल्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, टहाळ, गवत आणि माती यांचे थर देऊन पावसाळ्यापूर्वी ते भाजणे. ऐन, किंजळ यांसारख्या झाडांच्या फांद्या छाटून हा टहाळ आणला जाई. झाड तोडले जात नसे, छाटले जाई. पुढच्या वर्षी ते पुन्हा फुटे. इंग्लंडच्या 'कॉप्स'ची याच्याशी तुलना होऊ शकेल, पण इंग्रज अधिकाऱ्यांना ती क्वचितच सुचली. त्यांना येथे विद्रूप केलेली झाडे दिसली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील लोकांच्या तक्रारींवरून १८८५ साली मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमण्यात आले व १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला, त्यात राबाचा प्रश्न हा एक मुख्य विषय होता.

आता वरकस जमिनीला काय म्हणावे? तेथे झाडे आहेत म्हणून ती वन आहे काय? तेथे पीक निघते म्हणून ती शेत आहे काय? लोकभाषेत याचे उत्तर सोपे होते : ते रान आहे. 'रान' हा शब्द शेत आणि झाडी यांच्यामधला उंबरठा सांभाळीत होता. 'वन' या शब्दाला उंबरठा नाही. तो रेघ आहे. रेघेच्या अलीकडे महसूल, पलीकडे वन. एकसाली पट्ट्याने दरवर्षी कसावयास दिलेले तुकडे, गावाची चराई, राबाची झाडे ही सर्व या रेघेच्या कोणत्या तरी एका बाजूला ढकलावी लागली आणि बहुतेक वेळा ती पलीकडे गेली. मग तीच जमीन कसणाऱ्याला 'अतिक्रमणधारक' हे नवे नाव मिळाले. पाड्यांवर त्याला 'प्लॉट' म्हणतात. 'आमचा प्लॉट' या दोन शब्दांत एक इंग्रजी नाम आणि एक मराठी सर्वनाम आहे, आणि सगळा वाद त्या सर्वनामाचा आहे.

उपग्रहाच्या नजरेत हीच अडचण उलटी दिसते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या मोजणीत एक हेक्टरहून मोठ्या आणि दहा टक्के वा अधिक छत्र असलेल्या कोणत्याही जमिनीची गणना वनाच्छादनात होते, मालकी व वापर कोणताही असो. त्यामुळे आमराईही आकडेवारीत वनाच्छादन ठरू शकते. एकीकडे झाडाविना वन, दुसरीकडे बागेचे वन. एका शब्दाला एवढे ओझे सोसणारे नाही.

साहित्यिकांनी हा भेद जपला आहे, असे निदान काही उदाहरणांत दिसते. मारुती चितमपल्ली हे स्वतः वनखात्यात अधिकारी होते. तरी त्यांच्या पुस्तकांची नावे 'रानवाटा', 'जंगलाचं देणं' अशी आहेत. जेथे पायवाट आहे तेथे रान, जेथे देणगी आहे तेथे जंगल. 'चकवा चांदणं' या आत्मकथनाला त्यांनी 'एक वनोपनिषद' असे उपशीर्षक दिले, तेव्हा कुठे वन आले, तेही उपनिषदाच्या संगतीने. आयुष्यभर ज्या खात्याची परिभाषा लिहिली तिच्यापासून लेखक म्हणून ते किती सावधपणे दूर राहिले, याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. आपल्या विद्यापीठांत चितमपल्लींवर निसर्गवर्णनाच्या अंगाने पुष्कळ लिहिले जाते, शब्दनिवडीच्या अंगाने फारसे नाही.

वनहक्काच्या दाव्यातील 'रान'

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ ने या रेघेवर प्रथमच पाऊल ठेवले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कब्जा असलेल्या जमिनीवर, चार हेक्टरच्या मर्यादेत, हक्क मान्य करण्याची तरतूद त्यात आहे. सामूहिक हक्कांचीही आहे. 'वनजमीन' या शब्दात त्याने अवर्गीकृत, राखीव, संरक्षित, मानीव अशा सर्व प्रकारांचा समावेश केला. हा विस्तार यावेळी कसणाऱ्याच्या बाजूने होता.

या कायद्याच्या २००८ च्या नियमांतील तेरावा नियम भाषेच्या अभ्यासकांनी मुद्दाम वाचावा. दाव्याच्या पुष्ट्यर्थ जे पुरावे ग्राह्य धरले आहेत त्यांत दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या व्यक्तींचे, लेखी उतरवून घेतलेले निवेदन हाही एक पुरावा आहे. म्हणजे तोंडी शब्द येथे कागदाच्या तोडीचा झाला. पण तो उतरवून घेतो कोण आणि कोणत्या मराठीत? पाड्यावरचा म्हातारा सांगतो, 'आमच्या बापाच्या काळापासून हे आमचं रान, वर राब, खाली वरी.' समितीचा लिहिणारा बहुधा शाळा-कॉलेजात शिकलेला मुलगा असतो, म्हणजे आपलाच विद्यार्थी. त्याने समानार्थी शब्दांची यादी पाठ केलेली असते. तो लिहितो : 'सदर वनजमिनीवर पूर्वापार अतिक्रमण आहे.' त्याला वाटते की आपण साध्या बोलीचे शुद्ध मराठीत रूपांतर केले. प्रत्यक्षात म्हाताऱ्याने जे सांगितले त्याच्या उलट ते झालेले असते. रान म्हणताना त्याने कसवणूक सांगितली होती, 'वर' आणि 'खाली' म्हणताना जमिनीची रचना सांगितली होती, आणि 'राब' म्हणताना झाडे का छाटलेली दिसतील याचे कारण सांगितले होते. यापैकी काहीच कागदावर उतरत नाही.

मुरबाड आणि शहापूरच्या महाविद्यालयांत मराठी विषय घेणाऱ्या मुलांपैकी बरीच मुले अशाच पाड्यांवरून येतात. त्यांना उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात अर्जलेखन व इतिवृत्तलेखन शिकविले जाते, तेथे निवेदन उतरवून घेणे हा एक घटक घालता येईल. त्यासाठी विद्यापीठाच्या परवानगीची वाट पाहण्याचेही कारण नाही. निवेदनात बोलणाऱ्याचा शब्द आहे तसा ठेवावा : रान, वरकस, माळ, राबाची जागा, एकसाली, गुरांची वाट. पुढे कंसात हवे तर खात्याचा शब्द द्यावा. स्थळपाहणीला येणाऱ्या माणसाच्या हातात असा कागद असला तर तो निदान खाचराच्या वरच्या उतारावर चढून छाटलेला ऐन शोधेल.